काही न समजणारा माणूस पाहिजे

...अन तोंडावर म्हणते हो मले! दवाखान्याच्या ओट्यावर बम लोकं बसेल होते, अन ती पुण्याची अनुपमा मॅडम हसत हसत म्हणते, "कचरूकाका, आम्हाला अगदी तुमच्यासारखाच माणूस हवा होता. तुम्हाला काहीच समजलं नाही!" आता तुम्हीच सांगा, हे काय बोलणं झालं? साठीले आलेला माणूस मी, मेहकरच्या बाजारात माही मेथी पाहून गिऱ्हाईक थांबते, अन मले म्हणते काहीच समजलं नाही!

नाही, पण पह्यलेपासून सांगा लागंन, नाहीतं तुम्ही म्हणसान कचरू उगाच बोंबलते.

माही बायको रुख्मिणी. तिले बीपी. डाक्टरनं गोळी देल्ली, पांढरी, एवढीशी, अन भरभर सांगतलं, "रोज एक घ्यायची, बंद करायची नाही, मीठ कमी, समजलं का?" आम्ही दोघंबी म्हटलं, "हाव!" आता डाक्टरले कोणी नाही म्हणते का? एवढा शिकेल माणूस, आपल्या मांगं ही रांग, अन त्याले म्हणायचं, बाप्पा, पुन्हा सांग? बरं दिसते का ते? समजो न समजो, मान हलवाची अन बाहीर याचं. रीतच हाये आपली.

आता शेजारीण चांगुणा. तिले शुगर. तिचीबी गोळी पांढरी! अन आमच्या गल्लीत उसनवारी म्हणजे तुम्हाले सांगतो... वाटीभर साखर गेली तं वाटीभर साखर वापस येते, मिठाचं तसंच, हयदीचं तसंच, तं गोळीनंच काय पाप केलं? रुख्मिणीच्या गोळ्या सरल्या, तं चांगुणा भिंतीवरून म्हणते, "घे वं माय, माह्यातली घे, पांढरीच तं हाये!" घेतली! अन वावरात वांगे तोडता तोडता घामानं डबडबली अन धपकन खाली! हाक मारतो तं ओ देत नाही. तुम्हाले खरं सांगतो, जिंदगीत एवढा भेलो नव्हतो मी. म्हटलं, गेली माही रुख्मिणी, आता या घरात मले कोण बोलंन? जीपमधी घातली, दवाखान्यात नेली. डाक्टर म्हणे, बीपीवालीनं शुगरची गोळी खाल्ली, अंगातली साखरच उतरली! सलाईन लागली तवा कुठी तिनं डोळे उघडले. अन उघडल्या उघडल्या काय म्हणे? "वांग्याचं टोपलं उनात ठेवलं का तुम्ही?" जीव भांड्यात पडला माहा!

त्याच्यावरच ह्या अनुपमा मॅडम आल्या. संशोधनवाल्या. म्हणे, दवाखान्यात सांगतलेलं लोकायले खरंच समजते का, ते पाह्याचं हाये. म्या म्हटलं, समजते ना, न समजाले काय झालं! तं तिनं एक चित्र समोर धरलं. चांदाची कोर, अन खाली गोळी. "काका, हे बघून तुम्ही काय कराल?" म्या म्हटलं, सोपं हाये! बीजेच्या कोरीपासून सुरू कराची, पौर्णिमा आली की बंद. पौर्णिमेले आम्ही विहारात जातोच, तं ध्यानातबी राह्यते. मॅडमचं तोंड उघडंच! "अहो काका, चंद्र म्हणजे रात्र!" म्या म्हटलं, मंग चांद कायले काढला बाई? पावसाळ्यात तं तो महिना महिना दिसत नाही, तवा काय गोळ्याच बंद?

अन तवाच म्हणे ती, तुमच्यासारखाच माणूस हवा होता! आता तुम्हीच सांगा, हे काय बोलणं झालं?

तवापासून कोणतंबी नवं पोस्टर आलं की कचरूले बलावा! नर्सबाई म्हणे, "कचरूकाकाले समजलं तं तालुक्याले समजलं!" हे कौतुक का काय, मले अजून कळलं नाही. एकावर लिहेल, 'मिठाचे सेवन मर्यादित ठेवा.' म्या म्हटलं, ठेवलं ना! भाजीतलं कमी केलं, संगं फक्त लोणचं, पापड अन ठेचा. मॅडम म्हणे, "काका, लोणच्यातही मीठ असतं!" म्या म्हटलं, लोणच्यात लोणचं असते! लागली हसाले, पण लिहून घेतलं हो तिनं. अन नव्या पोस्टरवर लोणच्याची बरणीच काढली, तिच्यावर ही मोठी फुली! अन दुसऱ्यावर माह्या तोंडचं जसंच्या तसं, 'बीपीची गोळी रोज. बरं वाटलं तरी रोज. शेजारणीची घ्याची नाही, शेजारणीले द्याची नाही.' लोकं थांबून थांबून वाचते, तुम्हाले सांगतो! डाक्टरबी आता 'समजलं का' म्हणत नाही. म्हणते, "घरी जाऊन काय करसान, ते मले सांगा." अन चुकलं तं रागवत नाही, पुन्हा सांगते! चांगुणा परवा भिंतीवरून गोळी मांगाले आली, तं रुख्मिणी म्हणते, "साखर ने, मीठ ने, गोळी नाही भेटणार माय, चाल, दवाखान्यात जाऊ." अन गेल्या दोघी हातात हात घालून. लय बरं वाटलं हो मले.

पण माह्यासंगं काय झालं, ऐका! काल मॅडमनं खोकल्याचं नवं पोस्टर दाखवलं. म्या पाह्यलं, अन सांगतलं, चित्र समजलं, लिहेल समजलं, फक्त बेडका थुंकाचा डबा लय लहान काढला, कोणाले तमाखूची डबी वाटंन. तं मॅडम म्हणते, "काका, तुम्हाला आता सगळंच कळायला लागलंय. आता आम्हाला दुसरं कोणी शोधावं लागेल." अन कोणाले धरलं? आमच्या गल्लीतल्या इंद्रभानले! आता तुम्हीच सांगा! समजत नव्हतं तवा मान होता, अन समजाले लागलं तं घरी बसवलं!

घरी आलो, तोंड पाडून रुख्मिणीले सांगतलं. तिनं गोळी घेतली, पाणी पेली, पदरानं तोंड पुसलं, अन म्हणते, "त्या मॅडमले माह्याकडे पाठवा. ह्या माणसाले अजून काय काय समजत नाही, ते म्या सांगते. जलमभर पुरंन तिले!"

तिचा बीपी एकदम जाग्यावर हाये हो... आता माहाच मोजा लागते.