लिस्बनला हरवलेली दुपार

गिरीश : बेल्ट लावलास? हं, आता एअरपोर्टवरून घरी पोचेपर्यंत पहिल्यापासून सांग. ट्राममध्ये एकटी चढलीसच कशाला?

कांचन : फोटोसाठी हो! आम्ही तिघी मैत्रिणी स्टॉपवर उभ्या, तर सुवर्णा म्हणाली, दारात उभी राहा, हात वर कर, पिवळी ट्राम मस्त दिसते. तिच्या फोनची बॅटरी संपलेली, म्हणून माझा फोन तिच्याकडे. पर्स प्रीताच्या खांद्याला. मी चढले, हात वर केला, आणि दार लागलं.

गिरीश : फोटो आला का?

कांचन : आला. काचेमागे मी, तोंड उघडं.

गिरीश : फ्रेम करून लावू.

कांचन : लावा. मी निघाले तेव्हाच म्हणाला होता ना, आपल्या केटी गावच्या मॉलमध्ये हरवणारी बाई लिस्बनला काय दिवे लावणार म्हणून!

गिरीश : चुकलंच माझं. लावलेस की दिवे.

कांचन : हसा. त्या ट्राममध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. उतरेपर्यंत दोनतीन स्टॉप गेले. मग उलटी चालत निघाले, तर सगळ्या गल्ल्या सारख्याच. चढ, पायऱ्या, टाइल्सच्या भिंती, दोऱ्यांवर कपडे वाळत घातलेले. वळले की पुन्हा चढ.

गिरीश : आपण राहतो तिथला पत्ता सांगायचा कुणाला तरी.

कांचन : फोनमध्ये होता.

गिरीश : बिल्डिंगचं नाव?

कांचन : फोनमध्ये.

गिरीश : गावाचं नाव तरी डोक्यात होतं ना?

कांचन : अहो! बसले शेवटी एका पायरीवर. तेवढ्यात एक म्हातारी आली, दोन्ही हातांत पिशव्या. दार उघडायला गेली आणि किल्ली पडली पायरीवरून खाली. ती ओरडली, 'शाव! शाव!' आणि माझ्या तोंडून निघालं, 'चावी!'

गिरीश : वा. मग तिने तुला शेजारच्या आळीतली समजून घरात घेतलं.

कांचन : हसू नका, घेतलंच. आल्दा तिचं नाव. इंग्रजीचा एक शब्द येत नाही तिला. मी चावी उचलून दिली, पिशव्या वर नेऊन दिल्या. एक बटाटा घरंगळला, तर मी म्हटलं 'बटाटा', आणि ती जागच्या जागी उभी! तिचाही बटाटाच. कोबी दाखवला तर ती म्हणे 'कोव्ह'. साबण दाखवला तर 'सबांव'. दोघी नुसत्या घरभर वस्तू दाखवत फिरतोय…

(गाडीच्या स्पीकरवर फोन वाजतो.)

गिरीश : घे. तुझी फोटोग्राफर.

सुवर्णा : हॅलो भाऊजी! काय करून राहिले? पोचली का आमची मैत्रीण? मोजून घ्या बरं, पुरी आहे का ते.

गिरीश : पुरी आहे. पण शिकून आलीय. पोर्तुगीज बोलते.

कांचन : सुवर्णा, तू डॅलसला पोचलीस का?

सुवर्णा : हव, बॅगेची वाट पाहून राहिली. मग इथून फ्रिस्कोला घरी, आणि झोपते दोन दिवस. काय जीव घेतला ना तू बाई माझा! भाऊजी, मी त्या दुकानाच्या पायरीवर बसून रडली हो. प्रीता पोलिसात गेलेली. आणि ही कशी आली, तर एका म्हातारीचा हात धरून, हसत!

गिरीश : मी म्हटलंच होतं तुम्हाला, काळजी करू नका, येईल ती.

सुवर्णा : तुम्ही म्हटलं? बापा! कांचन, सांगितलं का ह्यांनी तुला?

कांचन : काय?

गिरीश : सुवर्णाताई, तुमची बॅग आली वाटतं.

सुवर्णा : बॅग गेली चुलीत. अगं, तू सापडली म्हणून मी फोन केला, तर मागून अनाउन्समेंट ऐकू येऊन राहिली. म्हटलं, भाऊजी, आहात कुठं? तर म्हणे, भाजी घेऊन राहिलो. मला सांग, कोणत्या भाजीच्या दुकानात फ्रँकफर्टचं बोर्डिंग सुरू होते?

कांचन : अहो?

सुवर्णा : तिकिटाच्या काउंटरवर उभे होते तुझे मिस्टर! आली, आली माझी बॅग. ठेवते. भांडा आता दोघं आरामात.

कांचन : तुम्ही एअरपोर्टवर गेला होता?

गिरीश : कोथिंबीर ताजी मिळते तिथे.

कांचन : गिरीश!

गिरीश : गेलो होतो. मग काय करायचं होतं? घरात बसवेना. टीव्ही लावला, बंद केला. ओजसला फोन केला, तर तो म्हणे, 'डॅड, शी इज अ डॉक्टर, शी विल बी फाइन.' मी म्हटलं, बाबा रे, तू तिला पार्किंग लॉटमध्ये पाहिलेलं नाहीस.

कांचन : सामान काय घेतलंत?

गिरीश : पासपोर्ट. ब्लडप्रेशरच्या गोळ्या. आणि तुझा एक फोटो, तिथल्या पोलिसांना दाखवायला.

कांचन : कोणता?

गिरीश : फ्रिजवरचा.

कांचन : अहो, तो ओजसच्या मुंजीतला! नथ, शालू, आणि वेणी कमरेपर्यंत! त्या फोटोवरून पोलिसांनी भलत्याच बाईला धरून आणलं असतं.

गिरीश : असेल. माझ्या डोळ्यांपुढे तू तशीच येतेस, त्याला मी काय करू?

कांचन : टिश्यूचा डबा कुठाय हो?

गिरीश : रडू नकोस. टिश्यू संपलेत गाडीतले.

कांचन : नाही रडत. एक सांगायचंय. आधी ऐकून घ्या, मग बोला.

गिरीश : बोल.

कांचन : आल्दाबाईंकडे फोन होता. भिंतीवर, जुना. त्यांनीच बोट दाखवलं, कर म्हणून.

गिरीश : आणि नंबर आठवेना तुला.

कांचन : तुमचा नंबर मला झोपेत विचारा. रिसीव्हर उचललाही होता मी.

गिरीश : मग?

कांचन : मग वाटलं, तुमचा आवाज आला की मी रडणार. आणि तुम्ही सोफ्यावर बसल्या बसल्या, डावीकडे वळ, आता उजवीकडे वळ, असं करत मला दारात नेऊन सोडणार. नेहमीसारखं. सगळं आयुष्य मी ऑपरेशन थिएटरमध्ये माणसांना भूल दिली आणि नीट परत आणलं. आणि बाहेर आले की तुम्हाला विचारायचे, गाडी कुठल्या मजल्यावर आहे हो?

गिरीश : मला आवडायचं, तू विचारलेलं.

कांचन : मलाही आवडायचं. म्हणून तर शिकलेच नाही कधी. तुमचे काय हाल होतील ते मनात आलं होतं. नाही आलं असं नाही. तरी ठेवला मी रिसीव्हर. रागवायचं तर रागवा.

गिरीश : रागवणारच आहे. पुढच्या टोलपर्यंत.

कांचन : टोल गेला आत्ताच.

गिरीश : मग राहिलं. सोड तो विषय. सापडलीस कशी, फोनशिवाय?

कांचन : आमचा फ्लॅट माशांचे डबे विकणाऱ्या दुकानाच्या वर होता, एवढं आठवत होतं. पण ते सांगायचं कसं? मग मासा झाले.

गिरीश : काय झालीस?

कांचन : मासा हो! हात असे मागे घेऊन पोहून दाखवलं स्वयंपाकघरात. मग डबा उघडून दाखवला. आल्दाबाई हसून हसून खुर्चीत बसल्या. पण कळलं त्यांना. लगेच निघायला तयार, तर मीच म्हटलं, थांबा. चुलीवर सूप ठेवलेलं त्यांनी. ते प्यायले, मग उरलेला कोबी चिरून दिला, मग निघालो.

गिरीश : म्हणजे सुवर्णा पायरीवर रडतेय, मी काउंटरवर उभा, आणि तू कोबी चिरतेयस.

कांचन : त्यांची विळी फार छान… नाही, सुरीच ती. असो. पण खिडकीतून नदी दिसत होती. आणि मला माहीत नव्हतं मी कुठे आहे, आणि चक्क बरं वाटत होतं. हे कुणाला सांगायचं? सुवर्णाला सांगितलं तर मारेल.

गिरीश : मला सांग.

कांचन : अहो! अहो, घराकडे वळायची आपली एक्झिट!

गिरीश : हं.

कांचन : हं काय? गेली की! आता पार पुढच्या रिचमंड गावापर्यंत जाऊन वळावं लागेल. तुम्ही कधी चुकत नाही एक्झिट!

गिरीश : दिसली होती मला. तू सांग, नदी कुठल्या बाजूला होती?