झाकण बसल्याशिवाय फिरत नाही

—नाही नाही दाजी, तिथे नको, तिथे पंख्याचं वारं लागत नाही, इकडे खुर्चीवर बसा. कपडे सरकवा, माझेच आहेत. सांगितलं ना, मेघनाताई नाहीये, टिटवाळ्याला मावशीकडे गेलीये पोरीला घेऊन — येईल संध्याकाळपर्यंत, नाहीतर राहील पण, मावशी सोडत नाही लवकर. तुम्ही कोपरीहून एवढ्या लांब मोहन्याला आलात, ह्या उन्हात, तर असेच थोडी जाऊ देणार. आई मला ओरडेल. दाजी आले आणि रिकाम्या तोंडाने गेले म्हणून. आई? आई बाहेर गेलीये, येईल, जरा काम होतं तिचं. चहा नको ना? नकोच. मी मिल्कशेक करतो, बिस्किटांचा. कुकी मिल्कशेक. करतो हो, वेळ नाही लागत. म्हणजे लागतो थोडा, पण तुम्हाला कुठे घाई आहे, आज शुक्रवार, सुट्टीच तुमची — मला माहितीये, म्हणूनच वाटलेलं की येणार तर शुक्रवारीच येणार.

त्या चपला? त्या कृतिकाच्या. जुन्या आहेत, इथेच असतात. आणि ते आतलं दार बंदच असतं आमचं, उंदीर झालेत, गटाराचं काम काढल्यापासून सगळे घरात. म्हणून तर मिक्सर पण इथे बाहेर आणून ठेवलाय टीव्हीच्या बोर्डाला. बसा तुम्ही.

मी बेकरीत आहे आता, शहाडला, पॅकिंगला. माहीत नसेल तुम्हाला. तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मी कधी सांगितलं नाही. मी नववीत शाळा सोडली तेव्हा तुमचं लग्न ठरलेलं, आणि विहाराच्या बाहेर मांडवात तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालेलात — हा सम्यक काय करणार, हा तर तोंडच उघडत नाही, ह्याच्या वतीने बोलायला एक माणूस ठेवावा लागेल. सगळे हसले. मी पण हसलो. चांगला होता जोक. तर बेकरीत काय होतं, बिस्किटं फुटतात. ट्रे काढताना, भरताना, फुटतातच. फुटलेलं कोण घेत नाही, मग ती आम्हाला देतात, पिशवी भरून. आणि शेकला तीच लागतात. अख्खं बिस्किट आणलं तरी फोडायचंच असतं ना शेवटी.

हे बघा, अशी जाड पिशवीत घ्यायची, तोंड बंद करायचं आणि लाटणं. आपटायचं नाही, आपटलं की पिशवी फाटते आणि नुसती पूड होते. दाबायचं. एका जागेवर धरून, वजन टाकून दाबायचं — ऐकलंत, कसा आवाज येतो? मला आधी नाही आवडायचा. कृतिका म्हणते, मामा हळू, त्याला लागेल — म्हणजे म्हणायची, मागे राहायला आलेली तेव्हा. पोरं काय पण बोलतात.

एक सांगू, राग नका मानू. तुम्ही आल्यापासून तीनदा विचारलंत कुठे आहे, कधी येणार, कोणाबरोबर गेली. ताईचा हात कसा आहे ते नाही विचारलंत. नाही, बरोबर आहे, माणूस टेन्शनमध्ये असतो. बरा आहे हात. म्हणजे जखम सुकलीये. ती दोन बोटं वळत नाहीत, करंगळी आणि तिच्या बाजूचं. ग्लास धरता येत नाही तिला. म्हणून हा असा जाड स्ट्रॉ आणून ठेवलाय मी, टेबलावर ठेवायचं आणि प्यायचं. तुम्हाला पण देऊ? राहू दे. तुमचे हात चांगले आहेत.

दूध अर्धं गोठवलेलं लागतं. हे, सकाळीच ठेवलेलं. बर्फ टाकायचा नाही, बर्फाने पाणी होतं. आधी दूध तळाला, मग चुरा, मग आइस्क्रीमचे दोन चमचे. उलटं केलं तर चुरा पात्याखाली जाऊन बसतो आणि मग कितीही फिरवा, सुटत नाही. मी आधी तसंच करायचो. मोबाइलवर बघून केलेला पहिला शेक कोणी प्यायलाच नाही, ताईने फक्त प्यायला. मस्त झालाय म्हणाली. खोटं बोलायची ती माझ्याशी, मला बरं वाटावं म्हणून. सगळ्यांशीच बोलायची तसं. फोनवर विचारलं की, मस्त चाललंय.

ओळखलात का मिक्सर? तोच. लग्नात मी दिलेला, कल्याणला दुकानात तासभर उभा राहून घेतलेला. दुकानदार वैतागला, म्हणाला अरे मिक्सर घेतोयस का मोटारगाडी. मी ऐकलंच नाही, कारण आईने बजावून सांगितलेलं — तिच्या माहेरच्या वस्तीत एका बाईचा हात गेलेला ना मिक्सरमध्ये — तर म्हणाली, पोरीला असा दे की ज्याने काही होणार नाही. म्हणून हा घेतला. ह्याची गंमत बघा. हे भांडं बसवलं. झाकण नाही लावलं. आता बटण दाबतो — बघा. काही नाही. परत दाबतो. काहीच नाही. आता झाकण ठेवलं नुसतं वरवर. नाही. आता फिरवून ही कडी बसवली, टक् झालं ना, आता — थांबा, आवाज होईल —

हं. बघितलंत? आणि फिरत असताना झाकण उचललं तर जागच्या जागी बंद. म्हणजे हात आत आणि पातं फिरतंय असं होऊच शकत नाही ह्याच्यात. तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही कशाला वापरणार. तुमच्या आईला पण माहीत नव्हतं. ताईच्या हाताचं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कोपरीला गेलेलो तिचं सामान आणायला, तुम्ही नव्हतात, तेव्हा त्यांनीच हा काढून दिला माझ्या हातात — घेऊन जा हा मेला, ह्यानेच खाल्ला तिचा हात. रिक्षात मांडीवर घेऊन आलो. घरी येऊन धुवायला काढला तर रक्त बिक्त काही नाही. पात्याखाली चुरा होता बिस्किटांचा, वाळलेला. म्हणजे शेक करून झालेला तिचा. पोरीचा वाढदिवस होता ना. शेक झालेला, ओतून झालेला, आणि मग तुम्ही घरी आलात.

नाही, मी कुठे काय म्हणतोय. मी मिक्सरचं सांगतोय.

थांबून थांबून फिरवायचं, हां. सलग फिरवलं तर गरम होतं, पातळ होतं, चव जाते. एक झटका, थांबायचं, परत एक झटका. बस, झालं. दवाखान्यात पण डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलेलं, काय पडलं हातावर? मी म्हटलं, मिक्सर. तेव्हा मला पण तेच माहीत होतं ना, ताईने तेच सांगितलेलं. ते म्हणाले, मिक्सरने कापतं. हे चेचलंय. एवढंच म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मी तिथे बाकावर बसलो. मला वाटलं, आत जाऊन विचारावं तिला, पण मला असं विचारता येत नाही हो कोणाला. तुम्ही म्हणालेलात ना, बोलायला माणूस लागेल. लागतोच.

घ्या. वर हा जाडसर चुरा टाकायचा, तो शेवटी खायचा चमच्याने. घ्या ना. गार आहे तोवर घ्या. का? काही नाही हो घातलेलं त्यात, तुमच्यासमोरच केलं ना सगळं. असं कसं वाटतं तुम्हाला. थांबा, मी घेतो एक घोट. बघा. गोड झालाय थोडा. मला वाटलेलंच, पण कृतिका म्हणते ना अजून एक चमचा, अजून एक चमचा, मग हात तसाच पडतो. काल तर एवढी हसत होती, मिशी आलेली दुधाची. मग मी म्हटलं चल, उद्यासाठी बिस्किटं फोडून ठेवू, तू पिशवी धर, आणि लाटणं उचललं — तर ती उठून पार भिंतीला जाऊन बसली, हात असे पाठीमागे लपवून. मी म्हटलं काय झालं गं? तर म्हणाली, पप्पा पण असंच करतात. मम्मीचा हात ओट्यावर धरून. पप्पा म्हणाले, आता कर शेक, आता लाव फोन भावाला. आत्ता कुठे चार वर्षांची झालीये दाजी. तिला खोटं बोलता पण येत नाही अजून नीट. काल इथेच, ह्याच लादीवर बसून —

काल.

हो. काल म्हणालो मी.

बसा. बसा तुम्ही. तसं नाही, टिटवाळ्याला... आज सकाळी गेल्या ना त्या, काल होत्या, आज गेल्या. दाजी, बसा ना, तुमचा शेक राहिलाय. दाराकडे काय बघताय, सांगितलं ना उंदीर आहेत. अजून थोडा करतो मी. भांड्यात उरलाय, फिरवून देतो — नाही, मला ऐकू येत नाही, ह्याचा आवाज मोठा आहे फार — नंतर सांगा! झाल्यावर सांगा! — हो, माहितीये, सलग नाही फिरवायचं — पातळ झाला तर झाला — काय? नाही, आवाज बिवाज काही नाही, मिक्सरचाच आहे तो — पत्रा वाजतो कधी कधी — उठू नका दाजी, मी हात काढणार नाही ह्याच्यावरून, बघा, धरलाय मी, बघू किती वेळ फिरतो —

गेली.

लाईट गेली.

ऐकलंत ना. हाक मारली तिने. मामा, झालं का, म्हणाली. तुम्ही पण ऐकलंत आणि मी पण. हो, आतच आहेत. दोघी. सकाळपासून आतच आहेत, तुमचा फोन उचलला नाही तेव्हापासून. आतून कडी आहे. ताईने डाव्या हाताने लावलीये, मला आवाज आला लावताना, तुम्हाला नाही आला, तेव्हा मी बिस्किटं फोडत होतो.

मी घाबरलो नाही असं नाही. पण तुम्ही दाराकडे जायच्या आधी एक सांगतो, उभ्या उभ्या ऐका. शुक्रवारी आमच्याकडे लाईट जाते, दुरुस्तीला. दर शुक्रवारी, दुपारचीच. मी त्याचीच वाट बघत होतो. पंखे बंद झाले की ह्या पत्र्याखाली कोणी आत बसू शकत नाही. मग अख्खी चाळ बाहेर येते, खुर्च्या, चटया, जे असेल ते घेऊन दारात बसतात, येईपर्यंत. ऐका. ही कडी वाजली ना, ती रमाबाईंची. शेजारच्याच. ही खुर्ची ओढली ती तानाजीकाकांची, त्यांना गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही. पलीकडचे, समोरचे, सगळे येतायत. त्यांना कोणी बोलावलं नाही. ते दर शुक्रवारी बसतात.

आणि त्यांना माहितीये. मी काही सांगितलं नाही, मला कुठे सांगता येतं. मिक्सर धुऊन दारात वाळत ठेवलेला, तर रमाबाई आल्या बघायला, म्हणाल्या, हाच का तो हात खाणारा, दाखव रे सम्यक कसा खातो ते. मी दिला लावून. त्यांनी झाकण काढून बटण दाबलं. मग तानाजीकाकांनी दाबलं. मग एकेक करत सगळेच येऊन दाबून गेले, अख्खी चाळ. कोणी एक शब्द बोललं नाही, रमाबाई सुद्धा नाही, आणि त्या गप्प बसलेल्या मी जन्मात बघितल्या नाहीत.

हा मी बाहेरचा दरवाजा उघडला. सगळा उघडतो, म्हणजे आतलं पण दिसेल त्यांना आणि बाहेरचं पण दिसेल तुम्हाला. आता सांगा मला, कुठल्या दाराकडे जायचंय?

नाही, ग्लास राहू दे तिथेच. मी धुवीन. चपला डावीकडे आहेत तुमच्या, पोरीच्या चपलांवर पाय नका देऊ. गल्लीच्या तोंडापर्यंत सरळ जायचं, मध्ये कुठे थांबायचं नाही. तुम्हाला कोणी काही बोलणार नाही. हात पण कोणी लावणार नाही. नुसते बघतील. आई चौकीवर गेलीये, ती भेटेल वाटेत कुठेतरी, तिच्याबरोबरचे पण भेटतील. त्यांना सांगा हवं तर मिक्सरचं. मी आणून देतो मिक्सर, कुठे म्हणाल तिथे.

जा दाजी. लाईट यायच्या आत जा.