भट्टीवरचा डबा

आमच्या जळगावच्या लॅबमधली गोष्ट. लोखंड-सेलेनियमचा अतिवाहक, म्हणजे अतिथंड झाल्यावर वीज विनाअडथळा वाहू देणारा पदार्थ, काचेच्या नळीत सीलबंद करून भट्टीत ठेवला होता. तो सावकाश निवला, तरच पुढे त्याच्या उष्णताधारकतेच्या आलेखात अतिवाहकतेची खूण असलेली नेमकी उडी दिसते. घाईनं निवला की महिन्याची मेहनत पाण्यात. म्हणून सरांचा दम होता, "भट्टीला कोणी हात लावायचा नाही!"

अचानक सडक्या मुळ्याचा वास आला. नळी फुटून सेलेनियम सुटलं की असाच वास येतो, आणि ते विषारी.

"पळा!" सर ओरडले आणि त्यांनीच भट्टी बंद केली.

आम्ही सगळे बाहेर धावलो. तेवढ्यात जेवायच्या सुट्टीला शिपाई नाना आले आणि सरळ आत शिरले.

"नाना, थांबा! आत विष आहे!"

नाना भट्टीवरचा आपला डबा घेऊन बाहेर आले, झाकणातून मुळ्याचा तोच वास येत होता. "मुयानी भाजी गरम कराले ठेयेल व्हती. भट्टी कोनी बंद करी?"

सरांकडे बघायची कोणाची छाती झाली नाही.