सरांचं न हलणारं पातं

आमच्या विज्ञानाच्या सरांचं ज्ञान ऐकाच. प्रजासत्ताक दिनाची कवायतही तेच घेतात. म्हणाले, "हात वर करताना खांद्याचं पातं, पाठीवरचं चपटं हाड, हलायचं न्हाय. जिचं हललं, ती पथकाबाहेर!" माझं हललं. मला काढलं.

नंतर वर्गात फळ्यावर अगदी वर तारीख लिहायला सरांनी हात उचलला. घामेजल्या शर्टाखाली त्यांचं पातं काखेकडं सरकलेलं सगळ्यांना दिसलं. मी वर्गात कधी बोलत नाही, पण तेव्हा बोलले, "सर, पाठीचे स्नायू पातं ओढतात, तेव्हाच हात पूर्ण वर जातो. आत्ता तुमचं पण हललं."

"तो शर्ट हलला गं! बस खाली."

मला पथकात घेतलंच नाही. सर मात्र तेव्हापासून फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहितात.