डावीकडे ओढणारी स्कूटर

ओरेस्ते : नाही बाई, नुसतं घासून भागणार नाही. तळाचा पत्रा पार कुजलाय. हे बघा, बोट आरपार जातं.

नीवेस : बोट काढ आधी. चौथीतही तुला दिसेल त्या भोकात बोट घालायची सवय होती.

एल्विओ : त्याची शाळा सुटून चाळीस वर्षं झाली गं. अख्ख्या पोन्तेदेरा गावात जुन्या स्कूटरचा सांगाडा त्याच्याइतका कुणाला कळत नाही. ओरेस्ते, माझ्या बहिणीकडे लक्ष देऊ नकोस. तळ नवा टाक, गंज काढ, रंग दे. ऑगस्टच्या जत्रेत ही चौकातून फिरवायचीय मला.

ओरेस्ते : तळ टाकीन हो. पण एक विचारायचं होतं. ही कधी आपटली होती का?

नीवेस : आपटली होती. मीच आपटली. सन चौसष्ट, सप्टेंबर महिना. मी सतरा वर्षांची.

एल्विओ : पुन्हा ते कशाला.

नीवेस : का? गाव कुठे विसरलंय? सरळ रस्ता, समोर कुत्रंसुद्धा नाही, आणि ही बया डावीकडे वळून थेट औषधवाल्याच्या कुंपणात. बाबांनी किल्ली खिशात घातली. म्हणाले, पोरीच्या हातालाच खोट आहे. त्यानंतर मी कधी काही चालवलं नाही. सदतीस वर्षं शाळेत बसने गेले.

ओरेस्ते : कुंपणाचा मार दिसतोय. पुढच्या चाकावरच्या पत्र्याला एक पोचा आहे, किरकोळ. मी म्हणतोय तो दुसरा. सांगाडा मोजायच्या चौकटीत बसवला तेव्हा लक्षात आलं. हँडलची मान दोन बोटं डावीकडे कललीय. आणि आतून ठिगळ आहे.

नीवेस : कसलं ठिगळ?

ओरेस्ते : ऑलिव्ह तेलाच्या डब्याचा पत्रा. डब्यावरचा छाप अजून वाचता येतो.

एल्विओ : गंजात माणसाला काहीही दिसतं.

ओरेस्ते : दिसतं खरं. पण ठिगळाखाली मूळचा करडा रंग आहे आणि वरून हिरवा. म्हणजे आधी ठिगळ, मग हिरवा.

नीवेस : हिरवा एल्विओनं दिलेला. बाबा हर्नियाच्या ऑपरेशनला महिनाभर पिसाच्या इस्पितळात होते. ईस्टरला घरी आले तर अंगणात त्यांची स्कूटर हिरवीगार, नव्यासारखी. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून याला दिलं.

ओरेस्ते : कुठल्या सालचा ईस्टर, बाई?

नीवेस : त्याच. चौसष्टचा.

(ओरेस्ते चिंधी शोधायच्या निमित्तानं आत निघून जातो.)

नीवेस : एल्विओ.

एल्विओ : ऐकतोय.

नीवेस : मी सप्टेंबरात पडले. ती ईस्टरच्या आधीच वाकडी होती.

एल्विओ : काशिना गावात नाचाला गेलो होतो. येताना गवताची गाडी आडवी आली.

नीवेस : गाडी आडवी आली, की तू?

एल्विओ : गाडी उभी होती.

नीवेस : पुढे.

एल्विओ : मावसभावानं, आपल्या उगोनं, डबा कापून जोडून दिलं.

नीवेस : उगो? तो तर छत्र्या दुरुस्त करायचा.

एल्विओ : तोंड बंद ठेवणारा दुसरा कोण होता? मग ठिगळ दिसू नये म्हणून रंग.

नीवेस : आणि घड्याळ.

एल्विओ : घड्याळ मी मागितलं नव्हतं.

नीवेस : ती डावीकडे ओढते हे तुला ठाऊक होतं.

एल्विओ : मी उजवीकडे जोर लावून चालवायचो. सवय झाली होती. तू तिच्यावर बसशील हे डोक्यातच आलं नाही. पडलीस तेव्हा बाबांना सांगायचं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी.

नीवेस : बावन्न वर्षांनी उजाडला म्हणायचा तुझा दुसरा दिवस.

एल्विओ : रोज संध्याकाळी बसथांब्यावर तुला घ्यायला यायचो ना मी.

नीवेस : यायचास. पावसापाण्यात यायचास. मी गावभर सांगत फिरायचे, भाऊ असावा तर असा.

एल्विओ : तेच जास्त बोचायचं.

नीवेस : बोचू दे. मला खरंच वाटायचं, आपल्या हातातच काहीतरी खोट आहे. फळ्यावर रेघ मारली तरी आधी मागे सरून बघायचे, सरळ आलीय का.

एल्विओ : यायची का?

नीवेस : नेहमी.

ओरेस्ते : येऊ का बाई?

नीवेस : ये. सापडली वाटतं चिंधी. ही मान सरळ होईल?

ओरेस्ते : होईल. ठिगळ कापतो, चांगला पत्रा जोडतो, मग मान तापवून चौकटीत हळूहळू ओढून घेतो. घाई केली तर चिरेल. ठिगळाचं काय करू, टाकून देऊ?

नीवेस : ह्याला दे. मनगटावर बांधेल.

एल्विओ : बांधतो. आणि जत्रेचं?

नीवेस : जत्रेत मी चालवणार.

एल्विओ : एकोणसत्तर वर्षांची आहेस. परवाना नाही तुझ्याकडे.

नीवेस : काढेन. जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या, एक आपण देऊ. तोवर इथे अंगणात फिरवीन. ओरेस्ते, हिचा पहिला गिअर कुठे असतो रे?

एल्विओ : डाव्या हाताला. क्लच दाबायचा, मूठ वर फिरवायची, मग क्लच हळू सोडायचा.

नीवेस : तुला विचारलं नव्हतं.

एल्विओ : बरं.

नीवेस : पुन्हा सांग. सावकाश.