भाऊकाकांचं गाऱ्हाणं

चहा निवू दे, आधी हे ऐका. दिल्लीहून शिकून रत्नागिरीला परतलो तो ठरवूनच, की इथेच राहून दोन पुरुषांच्या प्रेमाच्या गोष्टी लिहायच्या, त्याही स्वतःच्या नावाने.

आमच्या गावात देवापुढे गाऱ्हाणं घालतात भाऊकाका. दर शिमग्याला ते माझ्यासाठी बायको मागतात आणि मागून सगळा गाव "व्हय महाराजा" म्हणतो. यंदा मी त्यांना आधीच गाठलं.

"काका, बायको मागू नका. मला पुरुष आवडतात. गोष्टीत लिहिलंय तसंच."

"वाचलंय मी. बघतो."

देवळात काका सुरू झाले. "बा महाराजा, ह्या आमच्या पोराला..." आणि अडकले. "...ह्याच्या मनात काय हाय ता तुला ठावं. ता पुरा कर!"

"व्हय महाराजा!" अख्खा गाव ओरडला. मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी घरी मुलींच्या पत्रिका आल्या. मी तसाच काकांकडे गेलो. "स्पष्ट का नाही बोललात?"

"देवाला कळलं ना? गावाला तू सांग."

सांगतोय की, गोष्टीमागून गोष्ट लिहून. फक्त मागून "व्हय महाराजा" म्हणायला कोणी नसतं.