बायॉस भरताना वायरमन पाहुणा

तुम्ही आता फोनवर अपडेट दाबता आणि झोपी जाता. अठ्ठ्याण्णव साली साताऱ्यात आमच्या दिलीपला त्यासाठी वायरमनला घरी बोलवावं लागलं होतं.

दिलीप घरी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करायचा. मशीन जोरात पळावं म्हणून त्यानं स्वस्तातल्या मदरबोर्डावरचे वेग ठरवणारे जंपर हलवले, तर ते सारखं अडकायला लागलं. पुण्याच्या एका मित्रानं फ्लॉपी दिली आणि सांगितलं, "नवीन बायॉस, म्हणजे बोर्डाचा मूळ प्रोग्राम, भर, चालेल. पण भरताना लाईट गेली तर बोर्ड कायमचा मेला."

दिलीप मला म्हणाला, "लाईट वायरमनच घालवतो न्हवं? मग त्यालाच समोर बसवू."

मला ते पटलंसुद्धा.

वायरमन आला, पोहे खायला बसला. दिलीपनं फ्लॉपी घातली. पडद्यावरची रेघ मुंगीच्या पावलानं सरकत होती आणि आम्ही श्वास रोखून बघत होतो.

तेवढ्यात दिलीपचे वडील मंडईतून आले. रिटायर सुभेदार, पण घरातला पाण्याचा हीटर खांबावर चोरून आकडा टाकून चालवायचे. दारात वायरमनची सायकल बघून त्यांनी आधी मेन स्विच खाली ओढला.

पडदा काळा झाला. दिलीप भिंतीला टेकून खालीच बसला.

सुभेदार आत येऊन अदबीनं म्हणाले, "या साहेब. आमच्यात सकाळपास्नं लाईटच न्हाई बगा."

डोक्यावरचा पंखा अजून हळूहळू थांबत फिरत होता.

वायरमननं बशी खाली ठेवली. "आवं सुभेदार, ह्या गल्लीची लाईट मी घालवतो. आन् मी तर हितं पोहे खातोय."